दूरदेशीचा पाहुणा : पल्लासचा कुरव



गेल्या वर्षी जानेवारीतील एका सकाळी मी व माझी आठ वर्षांची नात गेटवेहून मांडव्याला निघालेल्या लाँचमध्ये बसलो होतो. लाँचने धक्का सोडला आणि पाहता पाहता शे-दीडशे पांढरे पक्षी तिच्या मागे लागले. उतारूंनी पिशव्यांतून गाठ्या, शेव, वेफर असे जे हाती लागेल ते काढले व हवेत उडवावयास प्रारंभ केला. पक्षी ते वरच्या वर झेलू लागले. मीही नातीच्या ओंजळीत गाठ्या दिल्या. मुक्या जीवाच्या मुखी दोन घास पडल्याचे समाधान माझ्या मनात होते, ते मी नाकारीत नाही.

गाठ्या संपल्यावर नातीने विचारले, "आजोबा, ह्यांचं घर कुठं असतं?"

मी म्हणालो, "इथंच, समुद्रावर."

"मग ह्यांची घरटी कुठं आहेत?"

मला उत्तर सुचले नाही. ज्याला आपण खाऊ घालतो तो कोण, कोठला, त्याचे खाणे काय, ह्यांपैकी एकाही गोष्टीचा विचार मी साठ वर्षांत केला नव्हता. घरी परतल्यावर पुस्तके काढून बसलो. त्यातून जे कळले, आणि पुढे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावयास मिळाले, ते ह्या महिन्याच्या लेखात सांगत आहे.

लाँचमागे येणाऱ्या ह्या पक्ष्यांना मराठीत कुरव म्हणतात. मुंबईच्या बंदरात दिसतात त्यांत मुख्यतः तपकिरी डोक्याचा कुरव व काळ्या डोक्याचा कुरव हे दोघे असतात. दोघेही आकाराने साधारण आपल्या डोमकावळ्याएवढे. आपल्या किनाऱ्यावर ते घरटे बांधीत नाहीत. पावसाळा सरला की ते येतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. तपकिरी डोक्याच्या कुरवाची वीण लडाख व तिबेटच्या उंच सरोवरांकाठी होते. म्हणजे 'इथंच' हे माझे उत्तर सपशेल चुकीचे होते.

दापोली तालुक्यात माझे एक जुने स्नेही राहतात. पक्षिनिरीक्षण हा त्यांचा चाळीस वर्षांचा छंद आहे. त्यांना हा प्रसंग कळविला तेव्हा ते म्हणाले, "लाँचमागे धावणारे धाकटे कुरव तुम्ही पाहिलेत. ह्या कुळातला थोरला पाहावयाचा असेल तर फेब्रुवारीत इकडे या. तो कोणाच्या मागे धावत नाही." त्याप्रमाणे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आंजर्ल्यास गेलो.

भल्या पहाटे जोग नदीच्या खाडीच्या मुखाशी आम्ही उभे राहिलो. ओहोटी लागली होती. ओल्या वाळूच्या पट्ट्यावर चार-पाचशे कुरव व सुरय विश्रांती घेत होते. वारा ज्या दिशेने येत होता त्या दिशेला सर्वांची तोंडे. त्या मेळ्याच्या कडेला, इतरांपासून चार हात अंतर राखून, एक पक्षी एकटाच उभा होता. त्याच्यापुढे बाकीचे कुरव पोरांसारखे दिसत होते. स्नेह्यांनी दुर्बीण माझ्या हाती दिली व हळूच म्हणाले, "हा पल्लासचा कुरव."

जगात कुरवांच्या जाती पन्नासच्या आसपास आहेत. त्यांत आकाराने हा तिसरा. ह्याहून मोठे असे दोघेच, व ते दोघेही उत्तरेकडच्या थंड समुद्रांवर राहणारे. पल्लासच्या कुरवाची लांबी 55 ते 72 सेंटिमीटर भरते आणि पसरलेल्या पंखांचे अंतर सुमारे दीड मीटर असते. वजन साधारण एक ते दोन किलो. गावावर घिरट्या घालणारी घार आपण नित्य पाहतो. पंखांच्या विस्तारात हा पक्षी तिच्या तोडीचा आहे आणि अंगाने तिच्यापेक्षा बराच भारी आहे. नर मादीहून थोडा मोठा असतो, रंगरूपात मात्र दोघांत भेद नाही.

पाठ व पंख फिकट राखाडी, मान, पोट व शेपटी शुभ्र, पाय पिवळसर. चोच जाड व पिवळी, टोकाकडे तांबूस होत जाणारी, आणि त्या टोकाच्या अलीकडे एक काळा पट्टा. कपाळ लांबवर उतरते असल्यामुळे मुद्रा गंभीर वाटते. परंतु खरी ओळख डोक्याची. विणीच्या ऋतूत ह्याचे संपूर्ण मस्तक मखमली काळे होते, जणू कानाखालपर्यंत ओढलेली टोपी. त्या काळ्या रंगात डोळ्याच्या वर एक व खाली एक अशा दोन पांढऱ्या चंद्रकोरी ठळक उठून दिसतात. लहान कुरवांपैकी अनेकांची डोकी काळी किंवा तपकिरी होतात, पण मोठ्या आकाराच्या कुरवांत काळे मस्तक ह्या एकट्याचेच.

विणीचा काळ संपला की ही टोपी उतरते. नोव्हेंबरात तो आपल्याकडे येतो तेव्हा डोके बहुतांशी पांढरे झालेले असते, डोळ्यांभोवती व मागे तेवढी काजळी पसरल्यासारखी दिसते. जानेवारीच्या अखेरीपासून काळी पिसे पुन्हा येऊ लागतात. आम्ही पाहिलेल्या पक्ष्याचे अर्धेअधिक मस्तक काळे झाले होते. माझे स्नेही म्हणाले, "ह्याची परतीची तयारी सुरू झाली." आपल्या वाळूवर उभा असतानाच तो दूरच्या संसाराचा वेष चढवीत होता.

ह्या पक्ष्याची पिल्ले प्रौढांसारखी दिसत नाहीत. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या पाठीवर तपकिरी चट्टे असतात, चोच फिकी व टोकाशी काळी असते, आणि पांढऱ्या शेपटीच्या टोकाला रुंद काळी पट्टी असते. वर्षागणिक पिसे बदलत जातात आणि पूर्ण प्रौढ रूप यावयास सुमारे चार वर्षे लागतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता नावाविषयी. पीटर सायमन पल्लास हा 1741 मध्ये बर्लिन येथे जन्मलेला निसर्गशास्त्रज्ञ. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्या काळात तो त्या देशात गेला. 1768 ते 1774 ह्या सहा वर्षांत त्याने रशियाच्या दूरदूरच्या प्रांतांतून प्रवास केला व तेथील प्राणी, वनस्पती व खनिजे ह्यांची नोंद केली. कॅस्पियन समुद्राकाठी आढळलेल्या ह्या कुरवाचे पहिले शास्त्रीय वर्णन त्याने 1773 मध्ये प्रसिद्ध केले. त्याने दिलेले 'इक्थिएटस' हे नाव ग्रीक शब्दांवरून घेतलेले आहे. त्याचा अर्थ 'मत्स्यगरुड'. पक्ष्याचा आकार व झेप पाहून त्याला गरुडच आठवला असावा.

ह्या पक्ष्याचे घर तेथेच आहे. दक्षिण रशिया व कॅस्पियनचा परिसर, तेथून पूर्वेकडे कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातील सरोवरे, त्याही पुढे मंगोलिया आणि चीनमधील किंघाई सरोवर, अशी त्याच्या विणीच्या स्थळांची लांबच लांब माळ आहे. त्यांपैकी किंघाई सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे 3,200 मीटर उंचीवर आहे. सरोवरांतील व समुद्रांतील निर्जन बेटांवर हे पक्षी दाटीवाटीने वसाहती करतात. घरटे म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा, त्यात थोडे वाळलेले गवत व पिसे. मादी बहुधा दोन किंवा तीन अंडी घालते. नर व मादी आळीपाळीने ती उबवितात. थोडी मोठी झालेली पिल्ले घोळके करून राहतात. बेटाभोवतीचे पाणी हीच त्यांची तटबंदी. कोल्ह्या-लांडग्यांना तेथे पोहोचता येत नाही, म्हणूनच जमिनीवर उघडी अंडी घालण्याचे धाडस हा पक्षी करू शकतो.

शरद ऋतूत पाणी गोठू लागले की तो दक्षिणेकडे निघतो. भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा, इराणचे आखात, अरबी समुद्राचा किनारा, आपले पश्चिम व पूर्व किनारे, बांगलादेश, म्यानमार, एवढ्या विस्तृत पट्ट्यात तो हिवाळा काढतो. मोठ्या नद्या व जलाशयही त्याला चालतात. पुणे जिल्ह्यात भिगवणजवळ उजनीच्या पाणलोटात तो दिसतो तो ह्यामुळेच. किंघाईच्या काही पक्ष्यांच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी उपग्रहाला संदेश पाठविणारी छोटी यंत्रे बसविली होती. त्यांवरून असे दिसले की तेथील पक्षी तिबेटचे पठार व हिमालय ओलांडून बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर येतात. कॅस्पियनच्या उत्तर टोकापासून कोकणचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि पक्ष्याचा मार्ग सरळ रेषेचा नसतो.

विणीच्या वेळी दाटीवाटीने राहणारा हा पक्षी हिवाळ्यात मात्र एकलकोंडा होतो. एक, दोन, फार तर लहानसा गट. तो फारसा ओरडतही नाही. क्वचित घोगरा, डोमकावळ्याची आठवण व्हावी असा आवाज काढतो. उड्डाण संथ व भारदस्त. त्याचे मुख्य अन्न मासे. त्याखेरीज खेकडे, कीटक, उंदरांसारखे लहान प्राणी, प्रसंगी इतर पक्ष्यांची अंडी व पिल्ले. मासेमारी बंदरांजवळ टाकून दिलेले मासेही तो उचलतो. त्याच सायंकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर, होड्यांतून माल उतरत असताना, त्याला एका लहान कुरवाच्या तोंडचा मासा हिसकावून घेताना आम्ही पाहिले.

समुद्रावर राहणाऱ्या पक्ष्याने गोडे पाणी कोठून आणावे? कुरवांना निसर्गाने ह्याची सोय दिली आहे. त्यांच्या डोळ्यांच्या वर कवटीत ग्रंथी असतात. त्या रक्तातील जादा मीठ वेगळे करतात आणि ते खारट पाणी नाकपुड्यांतून बाहेर पडून चोचीच्या टोकावरून थेंबाथेंबाने ठिबकते. म्हणून हा पक्षी समुद्राचे पाणी पिऊनही राहू शकतो.

येथे काही वाचकांच्या मनात एक प्रश्न येईल. तो माझ्याही मनात आला होता. जो मासे मारतो, दुसऱ्याची अंडी खातो, दुबळ्याच्या तोंडचा घास ओढतो, त्याच्याविषयी करुणा कशासाठी? ह्यावर मी बराच विचार केला. अन्नाची निवड हा माणसाचा विवेक आहे, पक्ष्याला तो पर्याय नाही. त्याचे पोट, चोच व पंख माशांसाठीच घडले आहेत. आपल्या आहाराचा नियम आपण स्वतःसाठी स्वीकारला आहे, त्याने तो मोडला असे म्हणता येणार नाही. उलट, गाठ्या देऊन आपण त्याला आपल्यासारखे करावयास जातो, तेथेच चूक होते.

ती चूक कशी, ते स्पष्ट सांगतो. अंगणात चिमणीला बाजरी घालणे व उन्हाळ्यात गच्चीवर पाण्याचे परळ ठेवणे हा आपल्या घरांतील चांगला परिपाठ आहे, कारण बाजरी हे चिमणीचे अन्नच आहे. तळलेले बेसन हे कुरवाचे अन्न नव्हे. ते पोट भरते, परंतु लांबच्या उड्डाणासाठी व पिसे बदलण्यासाठी लागणारे पोषण त्यातून मिळत नाही. आयत्या खाण्याला सोकावलेला पक्षी माणसाची व यंत्राची भीती विसरतो. उतारू खाऊबरोबर पिशवीही पाण्यात टाकतात. आणि एका घासावर पन्नास पक्षी तुटून पडतात तेव्हा एकमेकांच्या अंगावर येणाऱ्या त्या झुंबडीत रोग पसरावयास वाव मिळतो.

रोगाचा उल्लेख सहज केलेला नाही. 2005 च्या मे महिन्यात ह्याच किंघाई सरोवरावर बर्ड फ्लूची साथ आली. सहा हजारांहून अधिक वन्य पक्षी मरण पावले. त्यांत पट्टकदंब हंस होते, तपकिरी डोक्याचे कुरव होते आणि पल्लासचे कुरवही होते. 2022 मध्ये कॅस्पियन समुद्रातील एका बेटावर ह्याच रोगाने पल्लासच्या कुरवांचे हजारोंनी बळी घेतले. त्या साथींचा आपल्या गाठ्यांशी संबंध नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण दाटीत रोग किती झपाट्याने पसरतो, हे त्यांवरून कळते. जो पक्षी चार वर्षांनी प्रौढ होतो व वर्षाला दोन-तीनच अंडी घालतो, त्याची झालेली हानी भरून यावयास किती काळ लागेल, ह्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आणखी एक संकट हळूहळू येत आहे. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून कॅस्पियन समुद्राची पातळी खालावत आहे. त्याचा उत्तर भाग अतिशय उथळ आहे, त्यामुळे पाणी थोडे उतरले तरी किनारा दूरवर सरकतो. आज जे बेट आहे ते उद्या जमिनीला जोडले गेले, तर ज्या तटबंदीच्या भरवशावर अंडी घातली जातात ती तटबंदीच राहणार नाही. जागतिक पातळीवर ही जात आज संकटग्रस्त मानली जात नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. तशीच ती राहावी.

कॅस्पियनचे पाणी आपल्या हाती नाही. परंतु वर्षातील चार-पाच महिने हा पक्षी आपला पाहुणा असतो, तेवढ्या काळाचे आतिथ्य आपल्या हाती आहे. ते फार सोपे आहे. लाँचमधून किंवा होडीतून काहीही टाकू नये. किनाऱ्यावर पक्ष्यांचा थवा बसलेला दिसला तर छायाचित्रासाठी त्यात धावत शिरू नये, मुलांना व कुत्र्यांना सोडू नये, वाळूवरून वाहन नेऊ नये. प्रत्येक वेळी उठून उडताना त्या पक्ष्याची परतीच्या प्रवासासाठी साठविलेली शक्ती खर्च होते. शंभर पावलांवरून दुर्बिणीने पाहिले तर तोही निवांत राहतो व आपल्यालाही अधिक दिसते. मुलांच्या वहीत तारीख, स्थळ व डोक्यावरची काळी पिसे किती आली होती एवढे लिहून ठेवावे. दोन-तीन हिवाळ्यांच्या नोंदी झाल्या की पाहुण्याच्या येण्याजाण्याचे वेळापत्रक मुले स्वतःच सांगू लागतील.

आंजर्ल्याच्या त्या सकाळी आम्ही तासभर उभे होतो. भरती चढू लागली तसे लहान कुरव एकेक करून उठले. थोरला मात्र पाणी पायांना लागेपर्यंत हलला नाही. मग त्याने पंख उघडले, दोन-तीन संथ फटकारे मारले व सुवर्णदुर्गाच्या दिशेने निघून गेला. आमच्याकडून त्याला काही नको होते, आणि आम्हीही त्याला काही दिले नाही. तरी रिकाम्या हाताने परतलो असे मला वाटले नाही.

ह्या जानेवारीत नातीला घेऊन पुन्हा मांडव्याला गेलो. पक्षी तसेच मागे आले. शेजारच्या बाकावरील एका गृहस्थांनी प्रेमाने तिच्यापुढे गाठ्यांची पुडी धरली व म्हणाले, "टाक बाळ, पुण्य लागतं." तिने दोन गाठ्या उचलून स्वतःच्या तोंडात टाकल्या आणि म्हणाली, "काका, ते लडाखकडून आलेत. त्यांना मासे लागतात, गाठ्या नाही." गृहस्थ हसले. उरलेली पुडी त्यांनी हवेत उडविलीच. परंतु थोड्या वेळाने त्यांनी वळून तिला विचारले, "लडाखला समुद्र आहे का गं?" मग मांडवा येईपर्यंत ती त्यांना तेथील सरोवरांची हकिगत सांगत होती, आणि मी ऐकत होतो.

पुढील अंकात ह्याच किनाऱ्यावरचा दुसरा पाहुणा, सुरय, ह्याची भेट घेऊ.